खिळ्यावरची किल्ली

घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणाऱ्या सिस्टरबाईंचा फोन कायम बंद, कारण चार्जिंगला लावायचं त्या हमखास विसरतात. त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा नवऱ्याने कपाळाला हात लावला. "तू एक दिवस भर रस्त्यात अडकणार."

बाईंनी पार्किंगमधल्या चार्जरशेजारी खिळा ठोकला आणि बाहेर जाताना घराची किल्ली त्याला अडकवायला सुरुवात केली. परत आल्यावर आधी गाडीला प्लग, मग हातात किल्ली. नवरा महिनाभर त्या खिळ्याला हसला. गाडी मात्र वर्षभरात एकदाही अडली नाही.

काल नवराच गाडी घेऊन लांब गेला, येताना बाहेरच्या स्टेशनवर चार्ज करू म्हणत. तिथलं मशीन बंद. दोन टक्के बॅटरीवर, एसी बंद ठेवून, घामाघूम होऊन तो कसाबसा घरी पोचला आणि तरातरा दाराशी आला.

बाई आतूनच म्हणाल्या, "किल्ली खिळ्यावर आहे. आधी प्लग."