फौजदारबाईंचं नाक

माझ्या थोरल्या जावेला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात सगळे फौजदारबाई म्हणतात. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची छाती माझ्या एकटीची, आणि तीही घरी, भांडी विसळताना. चोवीस वर्षं झाली तिला तिथे. लागली तेव्हा खरकटी ताटं धुवायला होती, पुढे मुख्य स्वयंपाकीण झाली. ती नाकावर माशी बसू देत नाही. मी त्याच स्वयंपाकघरात भाजी चिरते आणि घरातली म्हणून मला काडीचीही सवलत नाही. उलट दोन शिव्या जास्तच.

सकाळी दूध आलं की पातेल्याचं झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि दाराशी टांगलेल्या वहीत सही करायची, हे मुख्य स्वयंपाकिणीचं काम. तेल, डाळ, कालचं उरलेलं, सगळं तिने हुंगून 'चालेल' म्हटल्याशिवाय आजाऱ्यांच्या ताटात जात नाही. चोवीस वर्षांत एकदाही वरच्या मजल्यावरून अन्न परत आलेलं नाही, हे ती महिन्यातून एकदा तरी ऐकवतेच.

गेल्या हिवाळ्यात ती तापाने पडली. आठ दिवसांत ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. मला कळलं ते घरी. ही ओट्याशी कांदा चिरत होती, शेजारच्या शेगडीवर दूध आटून करपलं होतं, खोलीभर धूर, आणि हिला पत्ता नाही. मी ओरडले तेव्हा तिने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुणाला बोलायचं नाही," ती म्हणाली. "ह्यांनासुद्धा नाही. तुला माझी शपथ."

त्या दिवसापासून मी तिचं नाक झाले. सकाळी दुधाचं झाकण धरायच्या निमित्ताने मी वाकायची, वास घ्यायची आणि हातातला चमचा झाकणावर वाजवायची. एकदा टक् म्हणजे ठीक. दोनदा टक् म्हणजे गडबड आहे. ती सही करायची. ही लबाडी होती, मी ती गोड करून सांगणार नाही. आठ महिने आम्ही दोघींनी ती केली.

संध्याकाळी घरी आणखी एक काम असायचं. ती काहीतरी माझ्या नाकाशी धरायची, लिंबाची साल, पेटीतली जुनी साडी, नुकतं चिरलेलं कलिंगड, आणि म्हणायची, "सांग."

"छान येतोय," मी म्हणायची.

"छान म्हणजे काय? चिरतेस तर बारीक, आणि बोलतेस एवढं जाडंभरडं? नीट सांग."

मग मी शिकले. साडीला लाकडाच्या भुशासारखा येतोय आणि थोडा साबणाचा, असं काहीतरी सांगायची. ती डोळे मिटून ऐकायची. जेवणातलं तिला आता फक्त गोड, आंबट, खारट, तिखट कळायचं. पण भाजणं-तळणं ती कानाने करायला लागली होती. वांग्यातलं पाणी संपत आलं की त्याची चुरचुर बारीक होते, अननसाचा रस आटला की आवाज चिकट होतो, असं तिचं म्हणणं. मला तर सगळी चरचर सारखीच.

तीन महिन्यांपूर्वी नवे व्यवस्थापक आले. तरुण, चांगले, पण सगळं डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास न ठेवणारे. त्यांच्या डोक्यात आलं की आजाऱ्यांना बिनतेलाच्या भाज्या आणि फळं जाळीवर भाजून द्यावीत. मुख्य स्वयंपाकिणीच्या नेमणुकीचा कागदही याच महिन्यात नवा व्हायचा होता. ते जावेला म्हणाले, "रविवारी दुपारी आमच्या परसात आईचा वाढदिवस करतोय. दहा-बारा माणसं असतील. भाजायचं काम तुम्ही करा, म्हणजे मला बघता येईल. सोमवारी कागदावर सही करून टाकू."

म्हणजे परीक्षाच. पास झाली तर फौजदारबाई, नापास झाली तर पन्नाशी उलटलेली एक बाई, जिला दुसरं काहीच येत नाही. हे तिचेच शब्द.

आणि शनिवारी मला सर्दी झाली.

रविवारी सकाळी नाक असं गच्च बसलं होतं की बूच मारल्यासारखं. वाफ घेतली, गरम पाणी प्यायले, व्हिनेगरची बाटली उघडून थेट नाकाला लावली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, वास काही आला नाही. मी तिला सांगायला तिच्या खोलीत गेलेसुद्धा. ती पलंगावर बसून पुसलेलेच चिमटे पुन्हा पुसत होती. एकच काम दोनदा करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, दोन तासांचा प्रश्न आहे, उघड्यावरचं काम, तिचे कान आहेतच. उगीच कशाला तिला घाबरवायचं? नाक शिंकरून, चेहरा धुऊन मी तिच्याबरोबर निघाले.

परस छोटंसंच होतं. तीन बाजूंनी भिंत, कपड्यांची दोरी, तिच्यावर वाळत घातलेली एक चादर, कोपऱ्यात नळ. भिंतीशी वेताच्या खुर्चीत साहेबांची आई बसलेली, मांडीवर शाल. आणि मधोमध झाकणाची मोठी शेगडी. जावेने तिच्याकडे पाहिलं आणि तिचे पाय थबकले.

"कोळशाची नाही," ती माझ्या कानाशी म्हणाली. "गॅसची आहे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ती हीच. तू जवळून हलू नकोस. सगळं तुझ्यावर आहे."

सांगायची वेळ खरं तर तीच होती. मी मान डोलावली.

तिने आधी पाण्यात साबणाचा फेस केला आणि सिलिंडरपासून शेगडीपर्यंतच्या नळीला, जोडाजोडाला लावून बुडबुडे येतात का पाहिलं. आले नाहीत. साहेब हसून म्हणाले, "बाई पक्क्या आहेत." मग ती कामाला लागली आणि त्यातच बुडून गेली. कणसं, ढोबळी मिरची, भोपळ्याच्या फाका, लांबट चिरलेली वांगी. चिमट्याने उलटायची, कान जरा कलता करायची, उचलायची. मी ताट घेऊन उभी. ती मधूनच माझ्याकडे बघायची आणि मी ताटावर चमचा वाजवायची, एकदा टक्. काहीही न कळता टक्. डोळ्यांनी बघून अंदाजपंचे टक्. भोपळ्याच्या फाकांसाठी पाहुण्यांनी दुसऱ्यांदा हात पुढे केले, साहेबांच्या आईने कणीस दाणा दाणा सोलून खाल्लं, आणि मला वाटायला लागलं, निभावलं बहुतेक.

शेवटी फळं. अननसाच्या चकत्या, अर्धे केलेले पेअर, सालीसकट केळी. फळांना आच मंद लागते, म्हणून तिने एकच बर्नर बारीक ठेवला, बाकीचे बंद केले आणि झाकण पाडलं. साहेब जवळ येऊन उभे राहिले. त्यांना हेच बघायचं होतं. तेवढ्यात वारा सुटला. दोरीवरची चादर फडफडून उभी राहिली, कुणाच्या तरी हातातला कागदी रुमाल उडाला, सगळे हसले. वारा पडला. पाच मिनिटं गेली असतील.

जावेने झाकणाजवळ तळवा धरला, धग कमी वाटली असावी. तिच्या कपाळावर आठी आली. तिने कमरेला खोचलेला लायटर काढला आणि माझ्याकडे पाहिलं.

मला काय कळणार? नाकात बूच. मी चमचा वाजवला. एकदा. टक्.

तिने डाव्या हाताने झाकणाची मूठ धरली, उजव्या हातात लायटर, अंगठा खटक्यावर. दोन हातांवर म्हातारी खुर्चीत बसलेली. साहेब ताट पुढे करून उभे. आणि ती तशीच थांबली. तिने मान कलती केली, स्वयंपाकघरात करते तशी, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्या शेगडीचा आवाज ऐकू आला, म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. चरचर नव्हती. तिला मात्र ऐकू येत होतं.

"मागे व्हा," ती म्हणाली. मग फौजदारबाईंच्या आवाजात, "सगळे मागे व्हा! आईंना उठवा तिथून! उठवा म्हणते ना!"

लायटर तिने मागे गवतात भिरकावला. बर्नरचं बटण बंद केलं, खाली वाकून सिलिंडरची चावी फिरवली, मग हात लांब करून झाकण सावकाश उचललं. साहेबांनी आईला खुर्चीतून अक्षरशः उचलून नेलं. मी ताट घेऊन तिथेच खिळले होते. तिने माझ्या दंडाला धरून मला ओढलं.

"आग विझली होती वाऱ्याने," ती धापा टाकत म्हणाली. "नुसता गॅस सुटला होता. शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता."

"अगं, मघापासून वास मारतोय की," साहेबांची आई म्हणाली. "मला वाटलं, या शेगडीचं असंच असतं."

साहेबांनी हुंगलं. पाहुण्यांपैकी दोघांनी नाकाला हात लावला. साहेब जावेकडे वळले. "एवढा वास येतोय इथपर्यंत. तुम्ही तर शेगडीवर वाकला होतात. तुम्हाला कसा आला नाही?"

माझं तोंड माझ्याआधी धावलं. "वहिनींना सर्दी झालीय, साहेब. कालपासून." माझीच सर्दी मी तिच्या गळ्यात घातली, आणि मला त्याची लाजही वाटली नाही, इतकी मी घाबरले होते. साहेबांचा चेहरा जरा सैल पडला. तिने नुसती मान हलवली असती तरी सोमवारी कागद झाला असता.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या वेताच्या खुर्चीकडे.

"सर्दी नाही, साहेब. आठ महिने झाले, मला वास येत नाही. कशाचाच."

"आणि दुधाच्या वहीतल्या सह्या?"

"सह्या माझ्या आहेत. दूध कधी खराब गेलं नाही, पण ते माझ्या नाकामुळे नव्हे."

आता ते विचारतील, मग कोणाच्या, म्हणून मी वाट बघत राहिले. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. मी भाजी चिरणारी.

"मुख्य म्हणून मला तुम्हाला ठेवता येणार नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या लक्षात येतंय ना?"

"ठेवूही नका. तिथे आठ शेगड्या आहेत आणि अकरा बायका."

"अरे, पण वाचवलं तिनेच ना," म्हातारी म्हणाली.

थोड्या वेळाने जावेने पदर खोचला. "वास गेला का ते तुम्ही बघा, साहेब. फळं कच्चीच राहिलीयत." त्यांनी वाकून पाहिलं, गेला म्हणाले. तिने शेगडी पेटवली आणि फळं शेवटपर्यंत भाजली. अननसाच्या चकत्यांवर तपकिरी रेघा बरोबर उमटल्या होत्या. जाताना म्हातारीने उरलेल्या चकत्या डब्यात घालून बळंच आमच्या हातात दिल्या.

बस रिकामी होती. ती खिडकीशी, डबा मांडीवर. दोन थांबे गेले. मग म्हणाली, "वारा उलट्या बाजूला होता ना, म्हणून तुला आला नसेल वास."

किती सोपी पळवाट, आणि तीही तिनेच काढून दिलेली.

तिने डब्याचं झाकण उघडलं आणि डबा माझ्या नाकाशी धरला. "सांग."

मला सांगता आलं असतं. भाजलेल्या अननसाचा वास मला पाठ होता. जळक्या साखरेसारखा, थोडा धुराचा, असं म्हटलं असतं तर ती डोळे मिटून ऐकत बसली असती.

"मलाही येत नाही, वहिनी," मी म्हणाले. "सर्दी मला झालीय. कालपासून नाक बंद आहे. मी खोटंच वाजवत होते."

तिने डबा खाली घेतला. "शेवटचा टक् सुद्धा?"

"तोसुद्धा."

"तुझा तो टक् ऐकून मी पेटवणार होते."

"हो."

वाटलं, आता ती उठून दुसरीकडे बसेल. बसली असती तर बरंच झालं असतं. मला रडू फुटलं. बसमध्ये, सगळ्यांसमोर, नाकातोंडाने. तिने कमरेचा रुमाल काढून माझ्या हातात कोंबला. "नाक पूस आधी," ती रागाने म्हणाली. मग अननसाची एक चकती मोडून अर्धी मला दिली, अर्धी स्वतः तोंडात टाकली.

मी चावलं. ऊन, मऊ, तोंडभर रस.

"काय लागतंय?" तिने विचारलं.

"गोड."

"अजून?"

"थोडं आंबट."

"अजून?"

मी शोधत राहिले. अननस नव्हता त्यात. धूर नव्हता. काहीच नव्हतं.

"एवढंच," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत दुसरी चकती मोडायला लागली. "तुझी चार दिवसांत जाईल."