गावभर मामा

स्वप्नाली नर्सिंगची पदवी घेऊन अंबाजोगाईच्या आमच्या दवाखान्यात रुजू झाली, त्या दिवशी तिच्या वडिलांनी घाटनांदूरला दुकानासमोर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढा दिला. विरुपाक्षअप्पांचं किराणा दुकान भर बाजारात. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं, की दवाखान्यात आता आपलं माणूस आहे. पोरीचं वाटोळं त्या पेढ्यांनी केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी तिच्याच बॅचची. नव्या पदवीधर नर्सेससाठी तिथं वर्षभराचं प्रशिक्षण होतं. प्रत्येकीला एक वही मिळायची. शिकलेलं काम इन्चार्ज सत्यशीला सिस्टरसमोर करून दाखवायचं आणि त्यावर सही घ्यायची. सलाईनची सुई दहा पेशंटना, तीही पहिल्याच प्रयत्नात. वर्षअखेर वही भरली नाही तर कायम नेमणूक नाही, सगळं वर्ष पुन्हा पहिल्यापासून. माझी वही आठव्या महिन्यातच भरली. मी फार हुशार म्हणून नव्हे. मी गेवराईकडची, तलवाड्याची. अंबाजोगाईत मला काळं कुत्रं विचारत नव्हतं. पेशंट मुकाट्यानं हात पुढे करायचे.

स्वप्नालीकडे मात्र रोज घाटनांदूर उतरायचं. स्टाफच्या नातेवाइकाला खिडकीजवळची खाट आणि सोबतच्या माणसांसाठी एकाऐवजी दोन पास, असा दवाखान्याचा नियम. मग काय, जो तो भरतीच्या फॉर्मवर लिहू लागला: स्वप्नालीचा मामा, स्वप्नालीची मावशी, स्वप्नालीचा चुलता. मराठा असो, माळी असो, सगळे तिचे सोयरे. सत्यशीला सिस्टरही तिला त्याच खाटा द्यायच्या, गाववाले तेवढेच तिचं ऐकतात म्हणून. डॉक्टर कधी येणार, गरम पाणी कुठं मिळतं, सगळं स्वप्नालीला विचारायचं. पण ती सुईचा ट्रे घेऊन आली की हात पांघरुणात.

"तू ऱ्हाऊ दे बाई. कालपरवा तर अप्पाच्या दुकानात बसून गोळ्या खायचीस. मोठ्या सिस्टरला बोलव."

म्हणजे वशिल्याला ही मोठी आणि सुईला लहान. मला संताप यायचा. ती ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन कापूस टराटरा फाडायची.

वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा सुईच्या नऊ सह्या झाल्या होत्या. नऊही परगावच्या पेशंटच्या. सकाळी घाटनांदूरचे तात्याबा भरती झाले, उलट्या-जुलाबांनी पार गळालेले. सोबत बायको सुंदरबाई आणि मेहुणा. स्वप्नाली ट्रे घेऊन गेली. हात पांघरुणात गेलाच.

"कावून, तात्याबा?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "चार वर्सं शिकले न्हवं मी? सकाळधरनं तुमच्यासाठी तीनदा डॉक्टरकडं गेले. आन् हात मागितला की मी गोळ्या खाणारी पोर? आज शेवटचा दिस हाय. एक सही ऱ्हायलीय. न्हाई मिळाली तर वरीस वाया!"

शेवटी सुंदरबाईंनीच नवऱ्याचा हात बाहेर ओढला. "द्या की ओ. लेकराचं वरीस जातंय."

तात्याबांनी डोळे घट्ट मिटले. स्वप्नालीनं दंडाला पट्टा आवळला, शीर चाचपली आणि सुई एका झटक्यात आत गेली.

"झालं बी?" तात्याबांनी डोळे उघडले. "लई हलका हात हाय गं तुझा."

वर्षभरात ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. सत्यशीला सिस्टरनी पेन काढलं, पेशंटचं नाव उतरून घ्यायला फॉर्म उचलला आणि त्या थांबल्या.

"हे तर तुझे मामा. घरच्या पेशंटवर सही देता येत नाही, स्वप्नाली."

"सिस्टर, ते माझे कुणी नाहीत! आम्ही लिंगायत, ते मराठा. नुसते गावचे आहेत."

"मग फॉर्मवर खोटं लिहिलंय का?" सिस्टर तात्याबांकडे वळल्या. "काका, तुम्ही हिचे मामा आहात ना? नसाल तर तसं सांगा. मी सही करते. पण मग ही खाट सोडावी लागेल आणि एक पास परत द्यावा लागेल."

तात्याबांनी खिडकीकडे पाहिलं. मग सुंदरबाईंकडे, मग मेहुण्याच्या गळ्यातल्या पासकडे. बोला की, मी मनातल्या मनात ओरडत होते, एक शब्द तर बोलायचाय.

"तसा मामाच लागतो म्या," तात्याबा म्हणाले. "लांबचा हाय, पर लई जीव हाय पोरीवर."

पेन परत खिशात गेलं. मला वाटलं, आता ही ट्रे आदळते. तिनं सलाईनचे थेंब पाहिले, सुईवरची चिकटपट्टी अंगठ्यानं नीट दाबली.

"हात हलवू नका, मामा," ती म्हणाली. "अजून वरीसभर हायेच मी हितं."