वीसपैकी सात

संशोधन म्हणजे सत्याची उपासना, असं मलकापूरच्या आमच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, ठळक अक्षरांत लिहिलं आहे. खाली प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अकरा नियम आहेत. ते कोणी वाचेल अशी अपेक्षा नसावी. आमच्या एका विद्यार्थिनीनं वाचले, तिथून अडचण सुरू झाली.

ती तिसऱ्या वर्षाला आहे, जळगाव जामोदहून एसटीनं येते. दुसऱ्यानं धुतलेलं भांडं पुन्हा धुते. प्रत्येक उत्तर 'हाव सर'नं सुरू करते आणि मग आपल्याच मनाचं करते.

यंदा तिनं कपाशीच्या वीस बिया लावून त्यांना गावच्या विहिरीचं खारं पाणी घातलं. सात उगवल्या. विभागप्रमुखांनी वही पाहिली.

"गेल्या वर्षीच्या वहीत अठरा आहेत. अठरा कर, मग सही."

आमच्याकडे प्रकल्प असेच एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरतात. आणि सहीशिवाय तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं.

"हाव सर. पण सातच निंगाल्या. बाकीच्यायले मी कशी सांगू, निंगा म्हणून?"

दुसऱ्या दिवशी तिनं मातीच्या वीस पेल्यांचा ट्रे आणून सरांच्या फायलींवर ठेवला. "मोजा सर."

शेजारच्या टेबलावर मी पेपर तपासायचा थांबलो. सरांनी मोजल्या. आठ भरल्या, एक उशिरा उगवली होती.

"बघ, वाढतात की नाही!" सर खुलले.

तिनं सात तसेच ठेवले, खाली तारीख घालून आठ लिहिलं आणि वही पुढे सरकवली. "हाव सर. आता सही."

सरांनी केली. पेन तिचं होतं. सरांच्या खिशाकडे निघालेलं ते तिनं मागून घेतलं.