कंबरेत वाकू नका

गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात माणसांना वाकण्याची भीती वाटावी अशी एकच व्यक्ती आहे आणि ती माझ्या बायकोची थोरली बहीण आहे. ताई फिजिओथेरपिस्ट. तिचा दवाखाना बसस्टँडजवळ एका माडीवर आहे, पण तिचं खरं काम रस्त्यावर चालतं. दवाखान्यात येतात ती दुखणं घेऊन आलेली माणसं. रस्त्यावर तिला दिसतात ती उद्या येणारी. ती उद्या येऊ नयेत म्हणून ही बाई आजच त्यांचं जिणं मुश्कील करते. किराणा दुकानदाराने तांदळाचं पोतं उचलायला कंबर वाकवली की पलीकडून आवाज येतो, "गुडघ्यात वाका. पोतं पोटाशी धरा. वळायचं तर पावलं वळवा, कंबर नको." हल्ली ताई लांबून दिसली की तो दुकानदार पोतं खाली ठेवून मोबाइल कानाला लावतो. तर ताई म्हणते, मोबाइलसुद्धा मान वाकडी करून धरतो.

माझ्या लग्नातही तिने रजा घेतली नव्हती. वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना मागून तिचं पुटपुटणं चालू होतं, "भावोजी, गुडघ्यातून." सासरकडचा पहिलाच हुकूम, मोडायचा कसा? तिच्या आणि माझ्या तमाम मामा-मावश्यांपुढे मी एकामागून एक बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी मला जिना उतरवेना, तेव्हा ती धाकट्या बहिणीला बाजूला घेऊन म्हणाली, "मांड्या कमजोर आहेत गो." मुलाची पत्रिका नीट पाहायला हवी होती, असा तो सूर होता.

पाळी गावाकडच्या खाणींतले खनिजाचे ट्रक चालवणारे ड्रायव्हर तिचे जुने पेशंट. दिवसभर धक्के खाऊन त्यांच्या कंबरा धरतात. एकदा त्यांचं दुखणं कळेना म्हणून ही साडीचा पदर खोचून स्वतःच उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये चढून बसली. उतरली ती हुकूम देतच: टॉवेलची गुंडाळी करून कंबरेमागे ठेवा, खेप झाली की खाली उतरून ट्रकभोवती एक फेरी मारा आणि केबिनमधून उडी मारायची नाही, पायरीने उतरायचं. आता तिची स्कूटर त्या रस्त्याने गेली की ओळीतले सगळे ड्रायव्हर शाळेच्या तपासणीला बसल्यासारखे ताठ होतात. माझ्या ओळखीचा एक ड्रायव्हर मूळचा सावंतवाडीकडचा. तो मला म्हणाला, "बाईंका आम्ही घाबरतो. पण माझी कंबरेची गोळी बंद झाली, ता खरा."

आम्ही किनाऱ्यावरच्या हरमलचे. घरामागे पर्यटक पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यात आणि तो सगळा कारभार माझ्या आईच्या हातात होता. परवाच्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. मोडलं होतं ते दुसरंच काही. पुन्हा पडेन या भीतीने आईने अंथरूण धरलं आणि आम्ही मायेने तिला त्यात आणखी घट्ट बसवलं. चहा अंथरुणात, जेवण अंथरुणात, साधा चष्मासुद्धा आम्ही हातात द्यायचो. महिन्याभरात तिचे पाय काटकुळे झाले. येणारे-जाणारे तिच्याबद्दल हळू आवाजात बोलू लागले, आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की मीही तसाच बोलतोय.

ताई आली. आधी डॉक्टरांचे कागद पाहिले, मग आईचे पाय दाबून, हलवून पाहिले आणि आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "त्यांना काही झालेलं नाही. पण तुम्ही असंच चालवलंत तर होईल." त्याच दिवशी तिने न्हाणीतलं निसरडं पायपुसणं फेकून दिलं, भिंतीला धरायचा दांडा बसवून घेतला, वाटेत मोठा दिवा लावायला लावला. चष्मा लांबच्या फळीवर गेला. हवा तर उठून घ्यायचा. ताई जाईपर्यंत आईने तिच्याकडे पाठच केली. मला मात्र बोलली, "हिका परत हाडू नको."

आणू नको म्हटलं तरी ताई परत आली, दर रविवारी येत राहिली. पहिल्यांदा खुर्चीतून उठवलं तेव्हा आईचे गुडघे लटलट कापत होते. ताई मागे उभी, हात दोन्ही बाजूंना, पण अंगाला लावलेले नाहीत. मी पुढे व्हायला गेलो तर मला डोळ्यांनीच थांबवलं. आई रडवेल्या आवाजात म्हणाली, "मी पडलंय तर?"

"माझ्यावर पडा," ताई म्हणाली.

आईने मान वळवून तिच्या किडकिडीत अंगाकडे पाहिलं. "मी तुझ्यार पडलंय तर तू मोडशीत."

कितीतरी दिवसांनी घरात कुणीतरी हसलं. हसता हसता आई उभी राहिली.

मग ओटीपर्यंत, मग तुळशीपर्यंत, मग खोल्यांपर्यंत. आता चहाला आधण ठेवलं की ओट्याला हात टेकून आई एका पायावर उभी राहते, चहा उकळला की पाय बदलते. ते बघून एक परदेशी पाहुणी तिच्या शेजारी तशीच उभी राहू लागलीय. तिला वाटतं, ही इथली जुनी योगविद्या आहे.

गेल्या रविवारी ताई आली तेव्हा आईने तिला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. स्वतः चहा केला, पाव भाजले, ताट हातात धरून सावकाश ओटीवर आली. ताई दाराशी उभीच होती. तिची नजर आईच्या पावलांवर. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की ताईचे केस बरेच पांढरे झालेत. बायको सांगते, ती दुपारचं जेवण दोन पेशंटांच्या मध्ये उभ्याउभ्याच उरकते आणि घरी गेल्यावर तिला वाढायला कुणी नसतं.

आईने ताट ठेवलं, जवळची खुर्ची पायाने थोडी पुढे सरकवली आणि म्हणाली, "माका उभी केलंस, बाय. आता तू जरा बस गो."

ताई काहीतरी म्हणणार होती. बहुधा खुर्ची पायाने सरकवू नका, असं. पण ती बसली, आणि चहा संपला तरी बराच वेळ उठली नाही.