बंद दाराचं रेकॉर्डिंग

आधी आक्कांचं सांगते, मग बाकीचं. आक्का म्हणजे थेरगावातल्या आमच्या घरमालकीण. मूळच्या इथल्याच. आज जिथे आमच्या खोल्या आहेत तिथे त्यांची ज्वारी उभी असायची. दोन्ही मुलं वाकडला फ्लॅटमध्ये गेली, आक्का गुडघे चोळत इथेच राहिल्या. या शहरात माझ्या रक्ताचं कोणी नाही, तरी माझी लेक बिनघोर शाळेतून घरी येते ती त्यांच्यामुळे. बिनघोर ती. मी नाही.

मी परभणीकडची. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. आता चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधते. नवरा ट्रेलरवर, घरी कमी आणि हायवेवर जास्त. लेक चौथीत. तिची शाळा दुपारी सुटते आणि माझी कंपनीची बस घराजवळच्या डांगे चौकात पोचते तेव्हा दिवे लागलेले असतात. मधल्या वेळात ती एकटी, आतून कडी लावून.

एकदा जेवताना ती सहज बोलली, "आई, आज एक काका आले होते. गॅसची नळी बघायला."

"तू दार उघडलंस?"

"ते म्हणाले, तुझ्या आईनेच पाठवलंय."

त्याने पाणी मागितलं, इकडेतिकडे बघितलं आणि गेला. काहीच झालं नाही. पण त्या काहीच न झालेल्या गोष्टीने माझी झोप उडवली. लाइनवर हात चालायचे आणि डोळ्यांसमोर आमचं दार. सुपरवायझर म्हणायचा, "ताई, एकाच वायरीला किती टेप? बँडेज बांधताय काय?"

शेवटी कॅमेरा लावायचं ठरवलं. नवरा फोनवर म्हणाला, तूच बघ, मला त्यातलं कळत नाही. मला तरी कुठे कळत होतं! म्हणून आक्कांना दुकानात सोबत नेलं. मोठं माणूस शेजारी असलं की आपल्याला कोणी गुंडाळत नाही, अशी माझी समजूत.

दुकानदार म्हणाला, कॅमेरे जवळपास सारखेच असतात, बघून घ्यायचा तो रेकॉर्डर. म्हणजे कॅमेऱ्याला दिसलेलं ज्याच्यात साठतं तो डबा. त्याने दोन खोकी पुढ्यात ठेवली. दोन्हींवर सगळं इंग्रजी. मी अक्षरं जुळवत राहिले, अर्थ काही लागेना.

"हा साधा, वायरवाला. टीव्हीला जोडायचा. आणि हा वायफायवाला. तुम्ही चाकणला असा नाहीतर चंद्रावर असा, ताई, फोन उघडला की दार लाइव्ह!"

लाइव्ह म्हटल्यावर मी विरघळलेच. "हाच द्या."

आक्का स्टुलावर बसून गुडघा दाबत होत्या. "आगं, पर फोन तर तू गेटवर जमा करतीस न्हवं?"

आमच्या कंपनीत फोन आत न्यायचा नाही. सकाळी गेटवर द्यायचा, टोकन घ्यायचं, सुटल्यावर टोकन देऊन परत घ्यायचा. रोज हेच करते आणि तेच साफ विसरले होते.

"मंग लाइव्ह कोन बघनार? तुमचा वॉचमन?"

दुकानदार खो खो हसला. "असू द्या की आक्का. रेकॉर्डिंग राहतंय ना, संध्याकाळी बघायचं."

"संध्याकाळी बघून काय करू?" माझा आवाज एकदम चढला. "तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल!"

दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. मला शरम वाटली. आक्कांनी मात्र काही झालंच नाही असं दाखवलं. "मंग साधा घे. डबा माझ्या टीव्हीला लाव. घरात इन्व्हर्टर हाय, लाइटीचं बी भ्या न्हाई. मी दिसभर बसूनच आसते. सासू-सुनांची भांडनं बघन्यापरीस तुझं दार बरं. गप तरी आसतं."

साधा घेतला. गच्चीवरून वायर आक्कांच्या घरात गेली. लेक रुसली, "मी काय चोर आहे?" तिला समजावलं की कॅमेरा बाहेर आहे, दारावर, तुझ्यावर नाही.

वाटलं होतं, आता जीव थाऱ्यावर येईल. कुठलं काय! नवीनच भुंगा लागला. आक्कांना दुपारी डुलकी लागत असेल तर? त्यांनी मालिका लावली असेल तर? उपकार करणाऱ्याला असं विचारायचं तरी कसं?

कंपनीच्या गुरुवारच्या सुट्टीला आक्का भाजी आणायला गेल्या होत्या. मी त्यांच्या घरात चोरासारखी बसले आणि आदल्या दिवसाचं रेकॉर्डिंग मागे नेलं. बंद दार. लेक आली, कुलूप काढून आत गेली. पुन्हा बंद दार. भराभर पुढे पळवलं, तर आक्का. काठी टेकत अंगण ओलांडून आल्या, दार वाजवलं, आत डोकावून दोन शब्द बोलल्या आणि गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या. मग एक पार्सलवाला पत्ता शोधत आमच्या दाराशी थांबला, आणि आक्का आल्या त्या अनवाणीच, काठीसुद्धा विसरून. तो गेल्यावर पायरीवरच बसल्या, पदरातल्या शेंगा सोलत. माझ्या बसची वेळ झाली तशा भिंतीला धरून उठल्या. त्याच्या आदल्या दिवशीही आक्का होत्याच. त्याच्या आदल्या दिवशीही.

"सापडला का गं चोर?" मागून आवाज आला. हातात भाजीची पिशवी.

मी रिमोट खाली ठेवला. "आक्का, इथे बसून दिसतं की सगळं. या गुडघ्यांनी कशाला चालत जाता?"

"टीव्हीत दार दिसतंय. दारामागची पोरगी कुठं दिसतीया?"

"मला सांगितलंही नाहीत."

"सांगितलं आसतं तर नका जाऊ म्हनली आसतीस. सरक, मेथी निवडायला घे."

दिवाळीनंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मुलं त्यांना वाकडला नेणार आहेत. दिवसा घरात कोणी नसतं, म्हणून त्यांच्या खोलीत कॅमेरा बसवणार, ऑफिसातून लाइव्ह बघणार. हे सांगताना आक्का हसल्या, "आता आमी बी टीव्हीत." मला हसू आलं नाही.

अजूनही गेटवर फोन हातात आला की पहिला फोन त्यांनाच लावते. बस सुटेपर्यंतही धीर निघत नाही. पण रजा साठवायला लागले आहे. आक्का, तुमचं ऑपरेशन होऊ दे, लेकीला घेऊन मी वाकडला येते. तुमच्या खाटेशी बसून मेथी निवडीन. कॅमेऱ्यात दिसले तर दिसू दे. तुमचे पांग मी असेच फेडीन.