पडद्यावर न रडलेली बाई

दुर्गाबाईचा नवरा किसनराव अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता; तिथेच मशीनच्या पट्ट्यात सापडून गेला. सांगावा आला तेव्हा ती सुपात तूर निवडत होती. ती निवडतच राहिली. सूप संपलं, मग उठली. रडली नाही. 'दगड आहे बाई,' असं नणंद सत्यभामेने आळीभर केलं, आणि आळीनेही ते आनंदाने मानलं. लोकांना दुसऱ्याचं दुःख मोठ्याने हवं असतं. दुर्गाबाई अमरावतीला निघून आली आणि राजापेठेजवळच्या एका टॉकीजमध्ये बायकांच्या दाराशी तिकिटं फाडू लागली.

एकोणसाठ साली तिथे एका कादंबरीवरून काढलेला मराठी चित्रपट लागला. गाणी दोनच, नाच नाही. त्यात एका मास्तराच्या बायकोला नवरा गेल्याचं पत्र येतं आणि ती तांदूळ निवडत बसते. चांगली दोन मिनिटं. नुसती सुपाची खसखस. दुर्गाबाई दाराशी उभी राहून बघतच राहिली. कोणीतरी आपली बाजू मांडली, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं. मग ती रोज तेवढं पाहायची; त्या वेळात उशिरा आलेल्या बाईला आत सोडत नसे.

पण पाहायला होतं कोण? बाकं रिकामी.

मालक उत्तमराव म्हणाले, "दुर्गाबाई, शुक्रवारी काढून राहिलो हा पिक्चर. लोक झोपा काढाले येतात."

"बुधवारचा बायकांचा खेळ तेवढा पाहा मालक. मी आणते बाया."

ती घरोघर हिंडून गोष्ट सांगू लागली. पत्र येईपर्यंत बाया ऐकायच्या.

"मंग?"

"मंग ती तांदूळ निवडते."

"अन् रडत नाई? तांदूळ त आमी घरीच पाहातो, माय!"

तिसऱ्या घरी दुर्गाबाईने गोष्टीत आपल्या मनचा विलाप घातला. 'मले कोनाच्या भरवशावर टाकून गेले हो!' म्हणून छाती बडवून दाखवली. बायांचे डोळे भरले. चौथ्या घरी विलाप आणखी वाढला.

बुधवारी जागा पुरली नाही. पत्र आलं, तांदूळ आले, खसखस सुरू झाली आणि बाया खवळल्या.

"दुर्गाबाई, रडनं कुठी गेलं व?"

"कापलं वाटते मेल्यांनी!"

उत्तमराव धावत आले. सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "मंग तूच रड ना तिथं. अंधारात कोन पाह्यते? नाईतर उद्याच पिक्चरचे डबे परत धाडतो."

डबे जाऊ द्यायचे होते, असं म्हणणं सोपं आहे. डबे गेले की पडद्यावरची ती बाईही जाणार होती.

दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर पत्र आलं की दाराशी विलाप सुरू व्हायचा. दुपारचा बायकांचा खेळ रोजचा झाला. तीन आठवडे तिकीट मिळेना. सुपाची खसखस मात्र पुन्हा कोणाला ऐकू आली नाही. दुर्गाबाईलाही नाही.

शेवटच्या आठवड्यात अकोल्याहून सत्यभामा मुद्दाम आली. खेळ सुटल्यावर पदराने डोळे पुसत दाराशी थांबली.

"काय रडतेस व वयनी! काळीज फाटलं माहं. मंग माह्या भावाच्या वक्ती काहून नाई जमलं तुले?"

दुर्गाबाईने तोंड उघडलं, पण मागे पुढच्या खेळाच्या बायांची रेटारेटी सुरू झाली होती. त्यातली एक तिकीट पुढे करत म्हणाली, "ओ बाई, आज जरा जोरानं रडजा. काल आमच्या शेजारनीले मागं ऐकूच नाई आलं."

दुर्गाबाईने तिकीट घेतलं आणि फाडलं.