चिखलातला जबाब

विमला तांडेल वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी होडी वल्हवायला शिकली, ती एका माणसावर सूड उगवायचा म्हणून. मालवणच्या उत्तरेला खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. गावातल्या बायकांच्या गटाने कांदळवनाची सफर सुरू केली, तेव्हा कुणी घराबाहेर पडायला मिळतं म्हणून आली, कुणी पाहुण्यांशी बोलायच्या हौसेने. विमलाने गटप्रमुख काशीबाईला एकच प्रश्न विचारला.

"पुण्याचे टूरवाले येतले मां हयसर?"

"येतले तर. त्येंच्यासाठीच तर ह्यां सगळा."

"मग माझा नाव घाल."

त्या आधीच्या वर्षीची गोष्ट. विमलाचा नवरा लवू अकरा वर्षं किनाऱ्यावरची कासवाची घरटी राखायचा. कासवीण अंडी घालून गेली की तो ती अलगद काढून जाळीच्या कुंपणात पुरायचा, पाटीवर तारीख लिहायचा आणि पन्नासेक दिवस कुत्र्यांपासून, कोल्ह्यांपासून जपायचा. पिल्लं बाहेर आली की ऊन चढायच्या आत त्यांना पाण्याकडे चालायला सोडायचं, हा त्याचा नियम. बोलण्यात तो मंद. ऑफिसात शुद्ध बोलायला गेला की त्याचे शब्द घशात अडकायचे. कासवांच्या बाबतीत मात्र वन खात्याचे लोकही त्यालाच विचारायचे.

मार्चमध्ये कौस्तुभ नावाचा एक टूरवाला पुण्याहून तीस पाहुणे घेऊन आला. निसर्ग-सहली काढायचा त्याचा धंदा. पाहुण्यांची गाडी वाटेत बंद पडली होती, आणि इकडे पहाटे पिल्लं वर यायला लागली. कौस्तुभ म्हणाला, "लवू, पाहुणे येईपर्यंत थांबव यांना." लवूने नकार दिला आणि पहिल्या घरट्यातली सगळी सोडून दिली. तेवढ्यात किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक मोठं कासव जाळ्यात अडकल्याचा निरोप आला. लवू तिकडे धावला. त्याच्या पाठीमागे दुसरं घरटं फुटलं. कौस्तुभने चौऱ्याण्णव पिल्लं प्लास्टिकच्या टबात भरली, वर ताडपत्री टाकली आणि पाहुण्यांची वाट बघत बसला. पाहुणे आले साडेनऊला. ताडपत्री काढली तेव्हा अडतीस पिल्लं मेली होती.

जिवंत होती त्यांचा व्हिडिओ निघाला, टाळ्या वाजल्या. मेलेली लवूने परत आल्यावर एकेक करून धुतली आणि वाळूत पुरली. वन खात्याच्या ऑफिसात चौकशी झाली, तेव्हा कौस्तुभने सांगितलं की राखणदार दारू पिऊन झोपला होता, मी होतो म्हणून छप्पन तरी वाचली. लवू समोर उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून "साहेब, मी... मी..." एवढंच निघालं. आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस! त्याला कामावरून काढलं. त्या टूरवाल्याचा पुढे पुण्यात सत्कार झाल्याचं पेपरात आलं. ते कात्रण विमलाने कापून ट्रंकेत ठेवलं.

लवू त्यानंतर किनाऱ्यावर गेला नाही. गोव्यात एका हॉटेलात पहारेकरी म्हणून लागला, महिन्यातून एकदा घरी यायचा आणि समुद्राकडे पाठ करून पडवीत बसायचा. बाजारात पोरंटोरं विचारायची, "लवूकाका, दारवेबरोबर कासवाची सागोती कशी लागता?" विमला ऐकून घ्यायची. उत्तर द्यायची नाही. ते ती दुसऱ्या कुणासाठी साठवून ठेवत होती.

चार वर्षं तिने खाडी पाठ केली. कुठली वाळूची रेव पाय धरते, कुठल्या चिखलात माणूस मांडीपर्यंत जातो, कुठल्या तिथीला सुकती, म्हणजे ओहोटी, केव्हा आणि पाणी केव्हा उलटतं. पक्ष्यांची नावं, कांदळाच्या मुळांचं शास्त्र, सगळं तिने घोकलं. पाहुणे तिचं कौतुक करायचे. ती हसायची, आणि दर हंगामाला काशीबाईकडचं बुकिंगचं पान उघडून एक नाव शोधायची.

यंदा जानेवारीत ते सापडलं. पुण्याच्या एका कंपनीची सोळा माणसांची टीम, दोन दिवस. किनारा साफ करणं, कांदळवनाची सफर, तिसऱ्या म्हणजे खाडीतल्या शिंपल्या वेचणं, गावात जेवण. सोबत टूरवाला कौस्तुभ.

"ती पुढची होडी माझी," विमला म्हणाली.

कौस्तुभने तिला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसा? त्याने तिला कधी बघितलंच नव्हतं. तो होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून पाहुण्यांना सांगत होता, "स्थानिक समाजाला सोबत घेतल्याशिवाय संवर्धन होत नाही." आठ पाहुणे होते. त्यांची प्रमुख नम्रता नावाची तिशीतली मुलगी, सगळं वहीत टिपून घेणारी. विमलाने तिला खंड्या दाखवला, चिखलावर उड्या मारणारा निवट्या मासा दाखवला. काशीबाई बाकीच्या पाहुण्यांना दुसऱ्या होडीतून घेऊन वरच्या अंगाला गेली होती.

दहाच्या सुमारास सुकती संपत आली आणि खाडीच्या मधली रेव उघडी पडली. पाहुणे उतरून तिसऱ्या वेचायला लागले. कौस्तुभला स्वतःचा फोटो हवा होता.

"मावशी, मागे झाडं येतील अशी जागा कुठाय?"

विमलाने वल्ह्याने दाखवलं. "तिकडे, त्या मुळांच्या अलीकडे. तिथून सुंदर येतो फोटो."

त्याने लाइफ जॅकेट काढून वाळूवर टाकलं आणि निघाला. आठव्या पावलाला घोट्यापर्यंत, दहाव्याला गुडघ्यापर्यंत. मग तो जोर करून वळला आणि दोन्ही पाय मांडीपर्यंत गेले. पाहुणे आधी हसले. त्यांच्यातला एक जण मदतीला निघाला, तोही गुडघाभर रुतला आणि कसाबसा मागे आला.

विमलाने होडी चिखलाच्या कडेला आणली, त्याच्यापासून पाचेक हातांवर. चिखलातून माणूस काढायला लांब फळी लागते. ती होडीतच होती. विमला त्या फळीवर बसली.

"मावशी, फळी टाका!"

"टाकतंय. घाई कित्याक? पाणी आता उलाटला. कमरेक येवक अर्धो तास आसा."

शुद्ध बोलणारी बाई एकदम मालवणीत आली, तेव्हा नम्रताला कळलं की हे काहीतरी वेगळं आहे. "काकू, काय चाललंय? त्यांना बाहेर काढा. नाहीतर मी पोलिसांना फोन करीन."

"कर गो बाय. पण आधी ऐक." विमलाने कौस्तुभकडे बघितलं. "माका वळाखलास नाय. मी लवू तांडेलाची बायल. अडतीस पिल्लां, हिरवो टब, वर ताडपत्री. आता सांग सगळ्यांका, त्या सकाळी काय झाला ता."

कौस्तुभचा चेहरा बदलला तो सगळ्यांनी पाहिला. तरी तो म्हणाला, "ती चौकशी झालीय. तुमचा नवरा प्यायला होता."

विमला फळीवरून उठली नाही. वल्हं मांडीवर आडवं घेऊन बसून राहिली. ऊन चढत होतं. नम्रताने काशीबाईला फोन लावला, ती निघाली म्हणाली. पाणी चिखलावरून सरकत आलं, त्याच्या मांड्यांना लागलं. कौस्तुभने शिव्या दिल्या. मग त्या वेळच्या पाहुण्यांवर ढकललं, त्यांची गाडी उशिरा आली म्हणून झालं म्हणाला. मग स्वतःच्या मुलांची नावं घेऊन विनवलं. पाणी कमरेला आलं तेव्हा तो रडायला लागला.

"मीच भरली टबात! मीच!"

"आणि लवू?"

"लवू नव्हता तिथे. तो कासव सोडवायला गेला होता."

"दारू?"

"नव्हता प्यायला. मी खोटं बोललो."

"मोठ्यान."

"मी खोटं बोललो!" तो ओरडला, इतका की कांदळातले बगळे उडाले.

काशीबाईची होडी तोवर वळणावर दिसायला लागली होती. "विमला, पुरे आता!" ती लांबूनच म्हणाली. विमलाने फळी टाकली, स्वतः तिच्यावर पालथी झाली आणि त्याला काखेत हात घालून ओढला. त्याचे बूट खालीच राहिले.

या सगळ्यात विमलाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती कौस्तुभला नव्हती. पाणी चढलं की तो चिखल आपोआप सैल होतो. आणखी थोड्या वेळाने तो स्वतःच सुटला असता. बहुतेक.

दुपारचं जेवण ठरल्यासारखं झालं. वडे, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. कौस्तुभ जेवला नाही. पोलिसांकडे जाईन म्हणाला, पण जाऊन सांगणार काय, हे त्याला कळेना. तो संध्याकाळच्या गाडीने एकटाच परतला. नम्रता विमलाशी एक शब्द बोलली नाही, जाताना एवढंच म्हणाली, "तुम्ही आम्हाला घाबरवलंत, काकू. हे बरोबर नव्हतं." विमला म्हणाली, "नव्हताच." पण पंधरा दिवसांनी त्याच नम्रताने ऐकलेलं सगळं लिहून, आठही जणांच्या सह्या घेऊन वन खात्याला पाठवलं.

काशीबाईने विमलाची होडी हंगामभर बंद केली. "पाहुण्याचो जीव आपल्या हातात असता," ती सगळ्यांसमोर म्हणाली. विमलाने वाद घातला नाही. होडी ओढून माडाखाली उपडी घातली.

लवूला ऑफिसातून बोलावणं आलं. साहेब बदललेला होता, नवा. "तुमच्यावर अन्याय झाला," तो म्हणाला, "पुन्हा कामावर या." लवू म्हणाला, "साहेब, ते... ते कागदावर द्या." कागद मिळाला. कामावर मात्र तो गेला नाही. त्याची जागा आता दुसऱ्याच्या हाती होती आणि तो माणूस चांगला होता, असं लवूचं म्हणणं.

घरी आल्यावर त्याने विमलाला विचारलं, "आणि तो बोललो नसतो तर?"

"पाणी आणखी वाडला असता."

इतकी वर्षं पोसलेला तो राग लवूच्या नावाचा होता, पण त्याच्या ओळखीचा नव्हता. "माका एकदा इचारायचा व्हता," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी गोव्याला गेला.

मी विमलाला विचारलं, आता कसं वाटतं? ती तिसऱ्या फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "बरा वाटता. खोटा कित्याक सांगू?" मग फोडलेली शिंपली टोपलीत टाकत, "अडतीस होती. एकेक करून धुतलेली त्येणी." आणि पुढची तिसरी उचलून कोयत्यावर ठेवली.